आत एकच माणूस

नाशिकच्या आडगाव नाक्यापासून पुढे हायवेला जेवढी म्हणून लग्नाची लॉन्स आहेत, त्या सगळ्यांना किशोरचा आवाज पाठ आहे. पाहुण्यांची नावं मानासकट पुकारायची, मंगलाष्टकं लांबली तर भटजींना गोडीगुलाबीनं आवरायचं, नवरी मेकअपच्या खोलीतून निघेना झाली की ‘वधूच्या मामांना नम्र विनंती, वधूला घेऊन त्वरित स्टेजकडे यावे’ असं पुन्हा पुन्हा म्हणायचं आणि शेवटच्या खेपेलाही आवाजातली साखर कमी होऊ द्यायची नाही, हा त्याचा धंदा. हातात माइक असला की हा गडी हजारो माणसांपुढे लाजत नाही. आणि माइक नसला म्हणून गप्प बसतो, असंही नाही.

म्हणूनच सायलीनं त्याच्याकडे ते मागितलं. एकदा मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "बाळंतपणाला तू आत पाहिजेस. काही करू नकोस. नुसता बोलत राहा. तुझी बडबड कानावर असली की मला भीती वाटत नाही."

"एवढंच ना? दिला शब्द," किशोर म्हणाला. शब्द द्यायला त्याला कधीच वेळ लागत नसे.

शब्द देऊन झाला आणि मग त्याला रक्त आठवलं. बोलण्यात वाघ असलेला हा माणूस रक्त दिसलं की शेळी व्हायचा. भाचीचे कान टोचायला तिला मांडीवर घेऊन बसलेला हा मामा सोनाराच्या दुकानात स्वतःच आडवा झाला होता. भाची रडायची थांबून त्याच्याकडे बघत राहिली होती. सायलीला हे ठाऊक होतं. तरी तिनं मागितलं. आता आपण तिथे कोसळलो तर डॉक्टर आपल्याला सावरणार की तिला, आणि ती ऐन वेळी एकटी पडली तर जन्मभर तिला तोंड कसं दाखवायचं, या विचारानं त्याला झोप लागेना.

त्यात पहिलं बाळंतपण. ते माहेरीच व्हायचं, ही रीत. सायलीचं माहेर सटाण्याकडचं, आणि तिथे जावई पाचवीच्या पूजेआधी फिरकत नाही. फिरकलाच तर ओसरीवर बसून चहा पिऊन परत जातो. तिकडे गेले तर किशोर आत येणं शक्यच नाही, हे ओळखून सायलीनं माहेरी जायला साफ नकार दिला. मग तिची आई, लंकाबाई, दोन पिशव्यांत जुनी मऊ लुगडी, शेपा आणि डिंक भरून स्वतःच नाशिकला येऊन राहिल्या. आल्या खऱ्या, पण तो नकार त्यांच्या मनातून गेला नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण हा आईचा मान. तो मान पोरीनं सहज बाजूला सारला होता.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी सायलीला कळा सुरू झाल्या. रिक्षा करून सगळे गंगापूर रोडजवळच्या हॉस्पिटलात पोचले. किशोरचे वडील रंगनाथअण्णा, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर, गावाकडे फोन लावायच्या तयारीत मोबाइल हातात धरूनच बसले. डॉक्टर दीपमाला बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आत एकच माणूस. आई की मिस्टर, ते तुमचं तुम्ही ठरवा."

लंकाबाईंनी चपला काढल्यासुद्धा. त्यांच्या लेखी ठरवण्यासारखं काही नव्हतंच.

"मामी जातील ना," किशोर सासूबाईंकडे बघत पटकन म्हणाला. "त्यांना अनुभव आहे." म्हणताना त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली.

व्हीलचेअरवरच्या सायलीनं त्याच्या शर्टाची बाही धरली. चार माणसांत ती त्याला अहो म्हणायची. आज विसरली. "किशोर, तू येतोयस. शब्द दिलायस."

लंकाबाईंचा चेहरा उतरला. "तठे माणूसनं काय काम शे?" त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "आमना गावमा आसं कोनी ऐकेल नही."

"आरं, गाय व्यायला लागली तरी आम्ही गोठ्याबाहेर उभं राहायचो," अण्णा म्हणाले. "तू आत जाऊन काय दिवे लावणार हायेस?"

हाच प्रश्न किशोरला पडला होता. पण बाही सुटत नव्हती. तो गेला.

सुरुवातीला त्यानं झकास निभावलं. हिरवा गाऊन आधी उलटा घातला, नर्सबाईंनी हसून तो सुलट करून दिला, त्यावरच तो बराच वेळ बोलला. मग कुठल्या लग्नात वरात आणि पाऊस एकदमच आले, कुठल्या पुढाऱ्याचं नाव राहिलं म्हणून तो जेवण टाकून निघाला, सगळं सांगितलं. सायली दोन कळांच्या मध्ये डोळे मिटून ऐकायची आणि मधूनच म्हणायची, "हे मागच्या वेळी वेगळं सांगितलं होतंस." तिच्या उशाशी उभा राहून तो पायांकडची बाजू कटाक्षानं टाळत होता. हे असंच असेल तर जमलं म्हणायचं, असं त्याला वाटू लागलं.

मग दुपार कलली आणि कळांचं रूप पालटलं. सायलीच्या छातीतून एक आवाज आला. किशोरचं सगळं आयुष्य आवाजात गेलेलं. भोंगे, डीजे, ढोल, बँड, सगळं त्यानं जवळून ऐकलेलं. हा आवाज त्यानं कधीच ऐकला नव्हता. तो किंकाळीचा नव्हता, रडण्याचा नव्हता. ट्रकचं रुतलेलं चाक गावानं मिळून रेटावं तसा जोर लावल्याचा तो आवाज होता, आणि रेटणारी एकटी सायली होती. कोथिंबिरीची जुडी महाग लावली तर भाजीवाल्याशी वाद घालायलाही संकोचणारी ही बाई! तिनं त्याचा हात असा धरला की त्याची बोटं पांढरी पडली. किशोरचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काहीच निघेना.

"बोल ना!" सायली ओरडली. "का थांबलास? बोल!"

किशोरनं डोकं चाचपलं. आत एकही वाक्य नव्हतं. कान वाजायला लागले, समोरचा दिवा मोठा मोठा होऊ लागला. सोनाराच्या दुकानात झालं होतं तेच आता होणार हे त्याला कळलं. आणि मग त्याच्या तोंडून, आजवर हजार वेळा निघालेलं तेच, त्याच साखरेच्या आवाजात निघालं. "वधूच्या मामांना नम्र विनंती, वधूला घेऊन त्वरित स्टेजकडे यावे! मुहूर्ताची वेळ जवळ आली आहे!"

नर्सबाईंच्या हातातला कापूस पडला. डॉक्टर दीपमालांचे मास्कवरचे डोळे हसले. "ऐका सायली, मुहूर्ताची वेळ खरंच आली आहे. आता लावा जोर."

"मर मेल्या!" सायली म्हणाली. तिला हसू आलं होतं आणि कळही, दोन्ही एकदमच. "थांबू नकोस! म्हण!"

मग तो म्हणत सुटला. मानपान, सत्कार, आहेर आणू नये, जेवल्याशिवाय जाऊ नये, सगळं. म्हणता म्हणता त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मग त्याची नजर तिथून हलली नाही.

तिच्या कपाळावरची शीर टरारून वर आली होती, केस चिकटले होते, ओठ फुटला होता. ती त्याच्याकडे बघत होती, पण तिला तो दिसत नव्हता. ती कुठेतरी लांब, जिथे त्याला जाता येणार नाही अशा ठिकाणी, एकटीनं काहीतरी ओढून आणत होती. त्याचा हात धरून होती, एवढंच. या बाईला आपण गेली तीन वर्षं ओळखतो असं आपण समजत होतो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला तिची भीती वाटली. देवळात गर्दी ओसरून अचानक मूर्तीसमोर एकट्यानं उभं राहावं लागलं की वाटते तशी भीती. हात मोकळा असता तर त्यानं दोन्ही जोडले असते. रक्त असेल, होतंच. चक्कर यायची होती ते तो विसरून गेला.

शेवटची कळ आली तेव्हा त्याचं बोलणं आपसूकच थांबलं, आणि या वेळी सायलीनंही त्याला हटकलं नाही. मग खोलीत एक नवाच माणूस रडू लागला. आता इथे नव्हता आणि आता होता. दारातून कुणी आलेलं नव्हतं. किशोरला हे जगातलं सगळ्यांना माहीत असलेलं सत्य त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

"बघून घ्या ताई, काय झालं ते," म्हणत नर्सबाईंनी बाळ सायलीपुढे धरलं. सायलीनं पाहिलं. तिचा चेहरा, मघाचा तो अनोळखी चेहरा, हळूहळू परत येऊ लागला. ओठ थरथरले, डोळे भरले, आणि ती त्याची सायली झाली. किशोर तिला परत येताना बघत होता. तिच्या कपाळावरून त्यानं हात फिरवला. ती म्हणाली, "दमले रे." त्यानं मान हलवली.

टाके घालायचे होते म्हणून त्याला बाहेर पाठवलं. अण्णा बाकावरून उठले, मोबाइलवर बोट टेकवूनच. "काय झालं?"

"सायली बरी आहे," किशोर म्हणाला.

"ती बरीच असणार रे. झालं काय? मुलगा का मुलगी?"

किशोरनं आठवून पाहिलं. बाळ रडलेलं आठवत होतं. "मी बघितलं नाही," तो म्हणाला.

"बघितलं नाय? दिवसभर आत होतास ना? मग काय बघत होतास?"

"सायलीला."

अण्णांनी कपाळाला हात लावला. "लय शहाणा!" ते स्वतःच दाराकडे निघाले, नर्सला हाक मारायला.

"अण्णा, थांबा." लंकाबाई उठल्या होत्या. तीन पोरं झाली होती त्यांना, सटाण्याकडच्या घरातल्या मागच्या खोलीत, आणि तिन्ही वेळा दाराबाहेरून तोच एक प्रश्न त्यांनी आतून ऐकला होता. त्या किशोरच्या अगदी जवळ आल्या, मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघू लागल्या. त्यांच्या डोळ्यांत राग उरला नव्हता.

"कशी व्हती मनी पोर, मनी सायली?" त्यांनी विचारलं. "माले सांगा."

किशोर सांगायला लागला. त्याचा आवाज फुटत होता, शब्द मागेपुढे होत होते, मधेच तो रडत होता. दार उघडून नर्सबाई बाहेर डोकावल्या, काही सांगणार होत्या. लंकाबाईंनी मागे न वळताच हात वर करून त्यांना थांबवलं आणि ऐकत राहिल्या.