पिवळी रेघ

एक नवं ब्लेड. चिमूटभर दालचिनीची पूड. डोळ्याला लावायचं भिंग. दांडा तुटलेला कप. फोन ठेवल्यावर उगाचच पुसलेली खिडकी.

मित्रांनो, मी एक जुना खुंट आहे. या कपात राहतो. एके काळी मला डोकं होतं. गुबगुबीत पानांचं, आणि प्रत्येक पानावर एक पिवळी रेघ. घड्याळजीच्या मुलीने मला आणलं, तेव्हा अशी रेघ गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

पुढे तिला दूर नोकरी लागली. "बाबा, मला यातलंच एक हवं. पण तुमची खिडकी रिकामी करून नको."

घड्याळजीने माझी सात पानं खुडून मातीवर ठेवली. सातही रुजली. सातही नुसती हिरवी. पानातून रेघ उतरत नाही, हे त्याला तेव्हा कुठे ठाऊक होतं! शेजारी त्यांचं कौतुक करून एकेक घेऊन गेले. माझ्यासारखं त्यांत कुणीच नव्हतं.

"अहो, कापा एकदाचं," त्याची बायको म्हणाली. "माझ्या या कपातल्या सवतीकडे किती वेळ बघत बसाल?"

त्याने माझं डोकंच कापलं. जखमेला दालचिनी लावली. डोकं कागदात गुंडाळून मुलगी घेऊन गेली.

मग चार महिने मी नुसता उभा. ना पान, ना कौतुक. समोरून माणसं जात, पण खिडकीशी कुणी थांबत नसे. एके दिवशी घड्याळजीने कप उचलला. "रोप लेकीकडे आहेच. यात आता काही राम नाही. टाकतो."

"खबरदार!" बायको ओरडली. "राहू द्या माझ्या सवतीला."

तो चकित झाला. मीसुद्धा.

महिन्याभराने त्याने भिंग लावलं. "अगं, कोंब!"

"रेघ आहे?"

तो बराच वेळ बघत राहिला. "आहे. केसाएवढी."

तिने कप दोन्ही हातांनी जवळ ओढला.

"अगं, रडतेस काय?"

मित्रांनो, आमच्यावर माया करा, पण माती सुकेपर्यंत हात आवरा. आणि बोडका खुंट दिसला म्हणून लगेच फेकू नका. आम्हाला वेळ लागतो, आणि तो एकट्यानेच काढावा लागतो.

मुलीने नेलेलं डोकं पहिल्याच आठवड्यात जास्त पाण्याने कुजलं. "नाही सांगत बाबांना," आई माझ्याशेजारी उभी राहून फोनवर म्हणाली होती.