एकविसावा नियम

दुकान माझ्या बापाचं, आणि वस्तरा धरायलाही त्यानेच शिकवलं. बाईमाणूस दाढी करते म्हणून लोक आधी हसले, मग मुकाट्याने खुर्चीत बसायला लागले. बापाचे नियम दोनच: पातं उकळून घ्यायचं आणि अर्धी दाढी सोडून हलायचं नाही. आता भिंतीवर सरकारचे एकवीस लटकतायत. एकविसावा नवाकोरा: दुकानाबाहेर वस्तरा चालवला तर परवाना रद्द.

का, तर म्हणे नियमांनी समाज सुधारतो. डोंबल सुधारतो!

पलीकडच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मास्तर राहतात. त्यांना अर्धांगवायू झालाय. डावा गाल लुळा, फुगवता येत नाही. अंगठ्याने कातडी ताणून धरावी लागते. दर रविवारी मीच जायचे. नियम आला आणि भीतीने मी दोन रविवार तिकडे फिरकले नाही. सांगायलाही लाज वाटते. त्यांच्या सुनेने करून पाहिलं, तर गालावर बोटभर चीर. मास्तरांनी माणसांसमोर येणंच सोडलं.

तिसऱ्या रविवारी गेले. उजवा गाल झाला, डाव्याला साबण लावला आणि दारात तपासनीस हजर. कुणीतरी चुगली केली होती.

"वस्तरा खाली ठेवा, बाई."

"अर्धी दाढी राहिलीय."

"यांना दुकानात आणायचं."

"तीन जिने? चला, तुम्ही पाय धरा, मी डोकं धरते."

सून तोंड फिरवून हसली. तपासनीस ओशाळला. "एकट्यासाठी नियम कसा वाकवू हो? उद्या कुणीही घरोघरी वस्तरा घेऊन फिरेल."

माणूस वाईट नव्हता, त्याचीच जास्त चीड आली. मी कातडी ताणली आणि शेवटच्या केसापर्यंत दाढी केली. मास्तरांनी चांगल्या हाताने गाल चाचपला. त्यांचे डोळे भरून आले, माझेही.

तपासनीसाने कागद पुढे केला. "'पुन्हा असे करणार नाही', याखाली सही करा. ताकीद देऊन सोडतो. नाहीतर उद्या दुकानाला सील."

घरची चूल, बापाचं औषध, सगळं त्या एका खुर्चीवर. सही करून मोकळं व्हावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या ओळीवर काट मारली. खाली लिहिलं: दर रविवारी, सकाळी नऊ वाजता, इथेच. आणि सही ठोकली.

"बाई, काय लिहिलंत ते कळतंय का?"

"न कळायला काय झालं? लिहा-वाचायला याच मास्तरांनी शिकवलंय."