डाव्या हाताचं थोपटणं

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या त्या बापड्याचा पाय सध्या ठिकाणावर नव्हता. मशीनपाशी उभा असला तरी टाच उठायची, जेवायला बसला तरी उठायची. सकाळी तर त्या नादात एका गिऱ्हाइकाची काच नको तेवढी घासली गेली. मालकांनी ती उजेडाला धरून पाहिली आणि बाजूला टाकली.

"जावईबापू, टेबल थरथरतंय," सासूबाई म्हणाल्या. "पायात मुंग्या भरल्यात का?"

"शनिवार भरलाय, आई."

शनिवारी जॅझवाल्यांची तालीम, आणि हा त्यांचा ड्रमर. मागच्या तालमीत, मोठा उभा बास, म्हणजे माणसाएवढं तंतुवाद्य, वाजवणारे वकील मध्येच थांबून म्हणाले होते, "तुमचा ठेका लंगडतो. पुढच्या खेपेलाही लंगडला तर दुसरा ड्रमर बघू. राग मानू नका."

राग कसला मानतो! घरी येऊन त्याने ते जुनं पुस्तक उघडलं, ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या ड्रमर घडले. पुस्तकाचं म्हणणं साधं. उजव्या हाताने मोठ्या झांजेवर अखंड ठेका, डाव्या पायाने जोडझांज, आणि डाव्या हाताने ओळीत लिहिलं असेल ते. वेगवेगळे असताना दोन्ही हात गुणी लेकरांसारखे वागत. एकत्र आणले की डावा कुठेतरी धडपडे आणि उजवा त्याची विचारपूस करायला धावे. ठेका गेला. पुन्हा सुरुवात. पुन्हा गेला. ओठांवर देवाचं नाव आणि चित्त देवळाबाहेरच्या चपलांवर, तशी त्याची गत. डोळे सारखे डाव्या हातावर.

शुक्रवारी दुपारी बायको कामावर, सासूबाई बाजारात, आणि पाळण्यातल्या लेकीने, म्हणजे ठमाबाईंनी, भोकाड पसरलं. सराव सोडवेना. त्याने तिला दुपट्याने छातीशी बांधलं, उजव्या हातातली काठी सरावाच्या रबरी पाटावर चालूच ठेवली आणि डाव्याने तिची पाठ थोपटू लागला. ठमाबाई कुरकुरल्या की थापा दाट, निवल्या की विरळ, उचकी लागली की मध्येच एक हलकी. सारा जीव तिच्या श्वासात.

सासूबाई पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. "आज ते पडत कसं नाही?"

"काय?"

"तुमचं ते. रोज चालता चालता तोंडावर पडतं."

त्याने उजव्या हाताकडे पाहिलं. काठी आपली एकटीच चालली होती. पाहिलं मात्र, आणि ती अडखळली.

"बघू नका तिकडे," सासूबाई म्हणाल्या. "आणि हळू बोला. पोर झोपलीय."

मग त्याने पुस्तकातल्या ओळी त्या इवल्या पाठीवर थोपटल्या. एका वाकड्या ओळीपाशी ठमाबाईंनी एक डोळा उघडला, बापाला जोखलं आणि मिटला.

शनिवारी टाच तशीच थरथरत होती. गाणं सुरू झालं, डावा हात धडपडायच्या बेतात आला. त्याने हातांवरची नजर काढली आणि कान वकिलांकडे लावला. अवघड जागेआधी ते नाकातून हुंकारायचे. तिथे त्याने डाव्याने एक हलकी थाप दिली. ते जोरात आले, थापा दाट केल्या. ते निवले, विरळ केल्या. उजवीकडे काय चाललंय, हे त्याने पाहिलंच नाही.

गाणं संपलं. वकिलांचे डोळे मिटलेले.

"झोपलात काय हो?" सॅक्सोफोनवाल्या बाईंनी विचारलं.

डोळे न उघडताच वकील म्हणाले, "ड्रमरला थांबायला कुणी सांगितलं? पुन्हा घ्या."