सासूबाईंचा उतार

सकाळी सहाला लॉजच्या मागच्या खोलीत गाईड लोकांची बैठक बसते. तिथे कॉफी हवी तेवढी मिळते, सवलत मात्र कुणालाच मिळत नाही. भिंतीवर डोंगरांचे फोटो आणि टेबलावर उतारांची यादी असते. हेलिकॉप्टरने माणसं वर सोडायची आणि स्कीवरून खाली आणायची असे एकशे चाळीस उतार या लॉजच्या ताब्यात आहेत. एकेकाचं नाव वाचायचं आणि ठरवायचं, आज हिरवा की लाल. हिरव्यासाठी सगळ्यांचा होकार लागतो. लाल करायला एकाचा नकार पुरतो, मग तो नकार काल आलेल्या गाईडचा का असेना. कारण विचारायची मुभा आहे, हुज्जत घालायची नाही. आणि सकाळी लाल झालेला उतार दिवसभर लालच राहतो. दुपारी लख्ख ऊन पडलं, पाहुण्यांनी नाक घासलं, तरी तो उघडत नाही. उबदार खोलीत बसलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर असतं आणि ताज्या बर्फाच्या माथ्यावर उभं राहिलं की ते राहत नाही, एवढाच त्यामागचा हिशेब.

हा नियम तीस वर्षांपूर्वी रूडी अमाखरने घातला. बावीस वर्षांचा असताना स्वित्झर्लंडहून तो ब्रिटिश कोलंबियाच्या या डोंगरांत आला, तेव्हा म्हणे एक पाठपिशवी आणि भरपूर तोरा एवढंच त्याच्यापाशी होतं. आता तो सदुसष्टचा होता. पिशव्या किती झिजल्या देव जाणे, तोरा अजून कोरा करकरीत होता. आज फेब्रुवारीचा शेवटचा दिवस, आणि रूडीच्या नोकरीचाही.

यादी वाचत होती लॉर्ना हॉल्डेन. खालच्या गावातल्या लाकूडगिरणीत तिचा बाप करवतीवर होता. तिने रूडीच्या हाताखाली चौदा हिवाळे काढले होते आणि तीन आठवड्यांपूर्वी मुख्य गाईडची खुर्ची तिच्याकडे आली होती. बर्फात काठी खुपसून थर कसे ओळखायचे, घाबरलेल्या पाहुण्याशी कसं बोलायचं आणि अतिशहाण्याशी कसं बोलायचं नाही, हे सगळं तिला रूडीनेच शिकवलं होतं. ती आपल्या कामात पक्की होती आणि ते तिला ठाऊकही होतं. खोटी नम्रता दाखवण्यात तिने कधी वेळ घालवला नाही.

"सासूबाई," तिने वाचलं.

खोलीत हशा पिकला. सासूबाई हा उतार रूडीने शोधला आणि त्यानेच हे नाव ठेवलं. खालून पाहिलं तर शांत, सोज्ज्वळ, पांढऱ्याशुभ्र. वर गेलं की कधी झापतील नेम नाही. खरी सासू बर्नला होती आणि तिला हे कळलं तेव्हा दोन वर्षं तिने जावयाशी अबोला धरला. ती दोन वर्षं आपल्या संसारातली सर्वांत सुखाची, असं रूडी बायकोच्या देखत सांगायचा.

आज सासूबाईंचा मान मोठा होता. रूडीचे सहा जुने पाहुणे, वीस-पंचवीस वर्षं दर हिवाळ्यात येणारे, खास त्याच्या शेवटच्या दिवसासाठी आले होते आणि तो उतार त्याच्या मागून उतरायचा असं त्यांनी वर्षभर आधी ठरवलं होतं. त्यांचा म्होरक्या प्रेस्कॉट म्हणून टोरोंटोचा एक निवृत्त वकील होता. जेवणाच्या खोलीत त्याने केकसुद्धा त्या डोंगराच्या आकाराचा करवून घेतला होता.

"हिरवा," रूडी म्हणाला.

"हिरवा," यानिक म्हणाला. यानिक हा तिसरा गाईड, क्यूबेकचा, एकोणतीस वर्षांचा, दिसायला देखणा आणि ते विसरू न देणारा.

लॉर्नाची पेन्सिल कागदावर अडली. तिच्या डोक्यात कालची दुपार होती. शेजारच्या खोऱ्यात, सासूबाईंएवढ्याच उंचीवर, त्याच दिशेला तोंड असलेल्या एका दांड्यावर ती उतरली होती आणि चार पावलं चालताच पायाखालचा बर्फ धप् करून बसला होता. एकदाच. यानिक बरोबर होता, पण हेलिकॉप्टरच्या घरघरीत त्याला काही ऐकू आलं नव्हतं. नंतर तिने तिथेच खड्डा खणून पाहिला, पण त्यात बोट ठेवण्यासारखं काही सापडलं नाही.

पण महिन्याच्या मध्याला आठवडाभर निरभ्र थंडी पडली होती, आणि अशा थंडीत बर्फाच्या पाठीवर गोठलेल्या दवाची नाजूक पाती उगवतात. त्यावर पुढे साठ-सत्तर सेंटिमीटर नवा बर्फ पडला. फुटक्या बांगड्यांचे तुकडे अंथरून वर जाड गादी घालावी तसला तो प्रकार. कुठे पाती आधीच मोडून जातात, कुठे तशीच टिकतात, आणि टिकली तिथे एका माणसाच्या वजनाने अख्खा उतार खाली येतो. तसा धप् म्हणजे पायाखाली ती मोडल्याचा आवाज. सासूबाईंवर काल खड्डा घेतला होता रूडीने. वहीत त्याच्या टपोऱ्या अक्षरात नोंद होती की थर सापडला नाही, बर्फ घट्ट आहे.

म्हणजे एका बाजूला रूडीचा खड्डा आणि पंचेचाळीस वर्षं, दुसऱ्या बाजूला एकटीने ऐकलेला एक धप्. नकार दिला तर रूडीचा शेवटचा दिवस नासणार होता, तोही तिच्या हातून. पण ज्या खुर्चीत ती बसली होती ती नेमकी याच कामासाठी होती.

"लाल," ती म्हणाली.

"कारण?" यानिकने विचारलं.

तिने धप् सांगितला. तिच्याच तोंडून तो फार पोकळ वाटला. यानिकने भुवया उंचावल्या आणि रूडीकडे पाहिलं. रूडीने कॉफीचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि पुढचं नाव वाच म्हणून हाताने खूण केली. बाकीच्या यादीभर त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

दिवस मात्र असा उजाडला की शत्रूलाही हेवा वाटावा. आदल्या रात्रीचा हलका बर्फ झाडांवर होता, वारा पडलेला, ऊन कोवळं. लॉर्नाने तिन्ही गटांना जंगलातल्या कमी तीव्र उतारांवर फिरवलं. ती पुढे, मागे तिचे पाहुणे, मग यानिकचा गट, शेवटी रूडीचा. गुडघाभर भुसभुशीत बर्फात पाहुणे लहान पोरांसारखे किंचाळत खाली येत होते. ती स्वतः झाडांमधून वळणं घेत उतरली तेव्हा सकाळची बैठक तिच्या डोक्यातून गेली. स्कीवर उभी असली की तिला कशाचीच भीती वाटत नसे.

दुपारी बर्फातच जेवण झालं, गरम सूप आणि सँडविच. प्रेस्कॉट सूपचा पेला घेऊन तिच्यापाशी आला. त्याने वकिली थाटात, अतिशय गोड शब्दांत, तिला तिची जागा दाखवून दिली. ही माणसं कुठून कुठून आली आहेत, रूडीने हे डोंगर पायाखाली घातले तेव्हा ती शाळेतही जात नसेल, आणि नव्या माणसाला अधिकार दाखवायची हौस असते हे तो समजू शकतो, वगैरे.

लॉर्नाने सूप संपवलं. "हौस खूप आहे," ती म्हणाली. "संध्याकाळी तुम्हा सगळ्यांना आपल्या पायांवर चालत जेवायला आलेलं बघायची."

प्रेस्कॉट हसला नाही. पेला घेऊन तो आपल्या लोकांत परत गेला.

दोन वाजता पायलट वेडने तिला हेलिकॉप्टरमधून पलीकडच्या दांड्यावर सोडलं. समोर सासूबाई पसरल्या होत्या, डोक्यापासून पायापर्यंत एकसुद्धा रेघ नसलेल्या. कुठे भेग नाही, कुठे काही निसटल्याची खूण नाही. लॉर्नाला क्षणभर वाटलं की आपण मूर्खपणा केला. या धंद्यातली खरी मेख हीच. चूक केली तर डोंगर तोंडावर सांगतो, बरोबर केलं तर तो कधीच काही सांगत नाही.

तेवढ्यात रेडिओवर रूडीचा आवाज आला. "लॉर्ना, आम्ही हेलिकॉप्टरमध्ये बसलोय. वेडला सांगतो, सासूबाईंच्या माथ्यावर जरा टेकव. मी एक खड्डा घेतो, बस्स. चांगला निघाला तर बघू."

वेडचे कान टवकारले असणारच. यानिकचेही. तीनही गटांच्या गाईडांना हे ऐकू जात होतं. लॉर्ना उभ्या जागी गार झाली. खड्डा चांगला निघाला तर बघू, हे वाक्य बोलल्याबद्दल याच माणसाने दहा वर्षांपूर्वी एका गाईडला त्याच संध्याकाळी सामान बांधायला लावलं होतं. तिला त्याचा राग आला आणि त्याची कीवही आली, आणि या दोन्हींपेक्षा आपल्यालाच हे करावं लागतंय याचं वाईट वाटलं.

तिने बटण दाबलं. "नाही, रूडी. लाल आहे ते लाल आहे. वेड, त्यांना माझ्या मागे जंगलाच्या माथ्यावर आण."

"आणतो," वेड म्हणाला.

पंधरा मिनिटांनी रूडी तिच्यापासून वीस पावलांवर उतरला, पाहुण्यांच्या स्की एकेक करून काढून दिल्या आणि तिच्या पाठोपाठ जंगलात शिरला. त्याची वळणं नेहमीसारखीच सुरेख होती.

पाच वाजता पुन्हा मागच्या खोलीत बैठक, या वेळी वेडही होता. संध्याकाळची रीत अशी की प्रत्येकाने दिवसभरात काय चुकलं ते सांगायचं. यानिकने सांगितलं की त्याने दोन पाहुण्यांत अंतर कमी ठेवलं. लॉर्नाने सांगितलं की दुपारच्या एका उतारावर ती गटापासून फार पुढे गेली. पलीकडून जेवणाच्या खोलीतला गलका ऐकू येत होता; प्रेस्कॉटने भाषण तयार केलं होतं म्हणे.

रूडीची पाळी आली. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"काल मी सासूबाईंवर दोन खड्डे घेतले," तो म्हणाला. "एक आडोशाला, झाडांच्या कडेला. तो वहीत आहे. दुसरा उघड्यावर, चाळीस पावलं डावीकडे. सत्तर सेंटिमीटरखाली पात्यांचा थर. कापलेल्या ठोकळ्यावर फावडं ठेवून हाताने अकरा थापा मारल्या आणि वरचा भाग साफ सुटून आला, टेबलावरून कागद सरकावा तसा. तो मी लिहिला नाही."

मग यानिकच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू उमटलं. "म्हणजे लॉर्नाची परीक्षा घेत होतात. बघ, तरी मी म्हणत होतो, म्हातारा इतका साधा नाही."

वेडनेही सुटकेचा श्वास टाकला. ही गोष्ट सगळ्यांना परवडणारी होती. लॉर्नालाही ती हवीशी वाटली. नुसती मान डोलावली असती तर सगळे हसत जेवायला गेले असते.

"नाही," रूडी म्हणाला. "परीक्षा-बिरीक्षा काही नाही. मला तो उतार हवा होता. थर सगळीकडे नसेल, अशी स्वतःची समजूत घातली. आज दुपारी तिकडे उतरलो असतो तर पुन्हा आडोशालाच खणलं असतं. ती हो म्हणाली असती तर मी सहाही जणांना घेऊन गेलो असतो."

त्याचा आवाज कुठे चिरकला नाही. उद्याचं हवामान सांगावं तसं त्याने ते सांगितलं. लॉर्नाचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसायची घाई केली नाही. जगात ज्याच्या शब्दावर ती डोळे मिटून उडी मारू शकली असती असा हा एकच माणूस होता, आणि सकाळी ती जवळजवळ मारणारच होती.

"आणखी एक," रूडी म्हणाला. "पुढच्या वर्षीच्या मार्चपासून दरवर्षी दोन आठवडे गाईड म्हणून यायचं मालकांशी ठरलंय. पण माणसं आता तू नेमतेस. तेव्हा तूच सांग."

यानिक खिडकीबाहेर पाहू लागला. सगळ्यांना वाटत होतं की तिने आता काहीतरी मऊ बोलावं. चौदा वर्षं होती मध्ये. तिला डोंगरात एकटं उभं राहता येत होतं ते या माणसामुळे. आणि याच माणसाने काल वहीची अर्धी नोंद खिशात ठेवली होती.

लॉर्नाने वही त्याच्यापुढे सरकवली. "आधी दुसरा खड्डा लिहा."

रूडीने चष्मा लावला आणि लिहिलं. खोली, थापा, थर, वेळ, सगळं, त्याच टपोऱ्या अक्षरात. खाली सही केली आणि वही परत दिली. तिने ती नोंद वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली, कारण बोलायला वेळ हवा होता.

"मार्चला या," ती म्हणाली. "पण पाहुणे म्हणून. गाईड म्हणून मी तुम्हाला घेणार नाही. माझ्या गटात, माझ्या मागून उतरायचं."

रूडीने चष्मा काढून मिटला. जेवणाच्या खोलीतून त्याच्या नावाने हाका सुरू झाल्या होत्या.

"पुढे जायचा मोह झाला तर?" त्याने विचारलं.

"तर दुसऱ्या दिवशी लॉजवर बसवीन. पत्ते खेळायला."

रूडी उठला. दारापाशी जाऊन त्याने क्षणभर चौकटीला हात टेकला. उभ्या आयुष्यात त्याला कशाचा आधार घेताना तिने पाहिलं नव्हतं. मग ताठ झाला.

"मार्चचा दुसरा आठवडा," तो म्हणाला. "तेव्हा बर्फ चांगला असतो. माझं नाव पाहुण्यांत लिहून ठेव."