टरबुजाची शीळ

भिवंडीत माग बोलतात, म्हणून माणसांना ओरडावं लागतं. तुळशीराम शेटचा आवाज तर त्या खडखडाटावरच वाढलेला. शेजारी उभ्या माणसाशीसुद्धा तो खाडीपलीकडून बोलल्यासारखा बोले.

"चीज बघ रघू, चीज! अख्ख्या भिवंडीत असली गाडी नाही. इंजिनाला टरबूज आहे, टरबूज!"

"टरबूज?" तुळजानं तोंडाला पदर लावला. "मंग बिया पण असतील."

"टरबो गं," रघू म्हणाला, पण हसू त्यालाही आवरेना. पडघ्याहून पहिल्या एसटीनं दोघं नवरा-बायको आली होती आणि सकाळपासून त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. इतकी वर्षं दुसऱ्याचा ट्रक हाकला. परवाच मालकापुढं किल्ली ठेवून तो म्हणाला होता, "आता बसंन तर सोताच्या गाडीवर." मालक नुसता हसला होता, आणि ते हसू रघूच्या पाठीला अजून चिकटलेलं होतं. ही गाडी जमली नाही तर तीच किल्ली खाली मान घालून परत मागायची होती.

मागांच्या शेडमागं ताडपत्रीखाली ट्रक उभा होता. दूरच्या एका धरणाच्या कामावर आलेला, परदेशी इंजिनाचा. धरण झालं, साहेब लोक गेले, ट्रक तेवढा मागं राहिला आणि हात बदलत तुळशीरामकडं आला. मैलांचा काटा सगळे आकडे संपवून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला होता.

"दुसरा जन्म चालू हाय हिचा," रघू म्हणाला. मग त्यानं तुळजाला तो गोगलगाईच्या शंखासारखा लोखंडी गोळा दाखवला. "हे बघ. धूर भायेर जाता जाता ह्यातलं चाक फिरवतो. त्याच दांड्यावर पलीकडं दुसरं चाक, ते भायेरचा वारा आत कोंबतं. वारा जास्त, तर जोर जास्त. भरल्या गाडीनं घाट चढायचा तो ह्याच्या जिवावर. पण दांडा ढिला झाला का संपलं. ह्याचा सुटा भाग हितं कुठं मिळायचा न्हाय."

"म्हंजे दळायचं जातंच की," तुळजा म्हणाली. "खुंटा हलाया लागला का पीठ भरड."

रघूनं गोळ्याकडं जाणारा नळ सोडवला, बोट आत घातलं आणि दांडा चाचपला. आजूबाजूला किंचित हलत होता, तेवढं चालतं. पुढं-मागं तसूभर नाही. त्याचे डोळे चमकले. मग त्यानं बोट बाहेर काढलं. ते तेलानं माखलेलं होतं.

त्यानं बोट पुसलं. नळ फडक्यानं कोरडा पुसला, पुन्हा बसवला आणि म्हणाला, "चालू करा."

चालू करायला जिव्या पुढं झाला. धरणावर असल्यापासून हा ट्रक त्यानंच चालवलेला. डोंगरातल्या पाड्यावरचा माणूस. ट्रक उभा राहिला तसा तो आपल्या वरीच्या शेताकडं परतला होता, आज शेटचा निरोप आला म्हणून आलेला. चढताना त्यानं मडगार्डवर हात फिरवला, जशी दावणीची गाय चाचपावी.

इंजिन खोकलं, थरथरलं, लागलं. मागून निळा धूर उठला. दाट, निळा, तेल जळाल्याचा. पोरीच्या परकराएवढा ढग शेडवर तरंगत गेला.

"हां, जरा थंडी लागली असेल तिला," तुळशीराम म्हणाला.

"शेट, तेल पिते ही." रघूचा आवाज बसला. "गेलाय टरबो."

"बघ बाबा. तू नाही म्हणालास तर संध्याकाळी भंगारवाला येणारच आहे. कटर घेऊन. मला जागा पाहिजे, कापडाच्या गाठी ठेवायला."

जिव्यानं गाडीतून खाली पाहिलं. कटरचं त्याला आत्ताच कळत होतं. त्यानं पाय दाबला, इंजिनाचा आवाज वाढवला, मान तिरकी करून ऐकलं. चेहरा आणखीच गोंधळला.

"शीळ कुठं गेली?" तो म्हणाला.

"कसली शीळ?"

"हिची. पाय दाबला का बारीक शीळ घालायची. करवंदीत पाखरू घालतं तशी. माजे हातात गाडी व्हती तवा शीळ व्हती. ही तर नाक दाबल्यावानी घुसमटते."

तुळजा हसायची थांबली. ती गाडीच्या कडेनं चालत गेली, कान लावत, जिथून गाडी वारा ओढते तिथवर. ताडपत्रीचं टोक तिनं उचललं आणि तिथंच ओरडली, मागांच्याही वर:

"आवं! हिचं नाक खरंच बांधलंय!"

वारा आत घेणाऱ्या डब्याच्या तोंडावर मांजरपाटाचं कापड गुंडाळलेलं होतं. एक घडी नव्हे, घडीवर घडी. वर सुतळीची गाठ, गाठीवर गाठ. आणि त्या कापडावर मागांच्या शेडमधून उडून आलेली कापसाची फुई अशी दाट बसली होती की गादीच म्हणावी.

सगळ्यांनी तुळशीरामकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला.

"मीच बांधलं. फुई आत जाईल, इंजिन खराब होईल... म्हटलं चांगलं कापड आहे, आपल्याच मागावरचं."

"शेट," रघू म्हणाला, "पाव्हण्याला थंडी वाजू नये म्हणून तोंडावर गोधडी दाबलीत तुमी!" आणि आता तो हसत होता, कारण त्याच्या डोक्यात चाकं जुळत होती. वारा मिळाला नाही, म्हणून चाकानं तेलच ओढलं. दांडा घट्ट आणि तरी तेल, ते यामुळं. असेल. असूही शकेल. "पण हे हितं कळायचं न्हाय. भरून घाटात न्यायला पायजे."

"मग ने की! इगतपुरीच्या गाठी पडल्यात माझ्या. मीपण येतो." तुळशीरामचा आवाज परत आला होता. "घाट चढली तर तुझी. धूर सोडला तर माघारी आणून भंगारात."

तुळजानं सुतळी सोडली. मांजरपाटाची बाहेरची घडी काळी झाली होती, आतली दुधासारखी पांढरी. तिनं पांढरी तेवढी फाडून कमरेला खोचली.

गाठी चढल्या, माणसं चढली. गाव सोडेपर्यंत मागं निळी रेघ होती. रघू आरशात रस्ता बघतच नव्हता, धूरच बघत होता. पडघ्याशी रेघ पातळ झाली. "जुनं तेल जळतंय, जुनंच," तो स्वतःशी म्हणाला. शहापूर आलं. आरशात नुसता रस्ता होता, आणि दोन्ही बाजूंना भाताची खळी.

कसाऱ्याला घाट समोर उभा राहिला. रघूनं पाय दाबला.

आणि शीळ आली. आधी बारीक, मग धारदार, मग अशी चढती की अंगावर काटा यावा. भरलेली गाडी वर निघाली. वाटेत ट्रक थांबले होते, बोनेट उघडून, पाणी ओतत. क्लीनर लोक वळून बघत होते. एकजण ओरडला, "अरे, विमान आहे का काय?"

"टरबूज आहे, टरबूज!" तुळशीराम खिडकीतून अर्धा बाहेर.

जिव्या ताल धरून दार वाजवत होता. तुळजाला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच कळेना. वळण, पुन्हा वळण, दरीतून उन्हाचा झोत, वर आभाळ. घाट संपला.

रघूनं माथ्यावर गाडी कडेला घेतली, आणि त्याचा हात आपोआप इंजिन बंद करायच्या दांडीकडं गेला. भिवंडीच्या रस्त्यावर शिकलेला हात तो. चढ संपला की इंजिन बंद, उतार लागला की बंद. मालकाचं डिझेल वाचवायची सवय हाडात गेलेली.

"नगं!" जिव्या एवढा ओरडला की तुळशीरामही दचकला. "आत अजून फिरतंय ते चाक, लाल होऊन. आता बंद केलंस तर तेल थांबल, कोरडंच जळल. आधी निवू दे तिला."

"किती वेळ?"

जिव्या लाजला. "मी ओवी म्हणतो. माजे आयची. ती सरली का बंद."

"म्हण की."

मोठा माणूस, खरखरीत गळा, पण सूर बाईचा, पहाटेचा:

*सरलं गं दळण, जातं फिरतं मागून,*
*निघाली पाहुणी, बोले उंबऱ्यात थांबून.*

"आमच्यात आंगणात म्हणतात," तुळजा म्हणाली, "आंगणात थांबून." आणि तिनं पुढची धरली:

*घाट चढून आली सखी, तिला म्हणू नका चल,*
*घडीभर सावलीत निवू द्या अंगची झळ.*

"डिझेल जळतंय रे," तुळशीराम पुटपुटला.

"जळू द्या शेट. टरबूज न्हाय जळायचं," रघू म्हणाला.

रघूचा हात दांडीवर होता, पण हलत नव्हता. इंजिन गुरगुरत हळूहळू शांत होत गेलं, जशी जनावराची धाप बसते. ओवी सरली तेव्हा जिव्यानं मान हलवली. रघूनं दांडी ओढली. इंजिन थांबलं, आणि त्या थांबलेल्या इंजिनातून एक बारीक सूर थोडा वेळ एकटाच फिरत राहिला आणि मग विरला.

आता एकच उरलं होतं. रघू खाली उतरला. तुळजानं कमरेचा मांजरपाटाचा तुकडा त्याच्या हातात दिला. गरम नळ त्यानं त्या तुकड्यानंच धरून सोडवला, तुकडा बोटाला गुंडाळला आणि आत फिरवला. चौघांची डोकी त्या भोकावर वाकली.

बोट बाहेर आलं. कापड पांढरं होतं.

रघूनं ते उलटून पाहिलं, उन्हात धरून पाहिलं. पांढरं. मग त्याला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं ते डोक्याला गुंडाळलं आणि नवरदेवासारखा ताठ उभा राहिला. पाठीवरचं मालकाचं ते जुनं हसू कधी गळून पडलं, त्याला कळलंही नाही.

"जिव्यादादा," तो म्हणाला, "ओव्या किती येतात तुला?"

"आयला लई यायच्या. मला थोड्या."

"पुरे. बाकीच्या आमची तुळजा शिकवंल. चढ गाडीत, परतीला तूच चालव."

तुळशीराम घाटाच्या माथ्यावर उभा राहून उगाच भिवंडीच्या दिशेनं बघत होता. "पण संध्याकाळी तो भंगारवाला येईल कटर घेऊन," तो म्हणाला. "त्याला सांगू काय?"

तुळजा केव्हाच गाडीत चढून बसली होती. तिनं खिडकीतून मान काढली.

"सांगा, टरबूज विकलं. बियांसकट!"