गबाळ्याची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. दोन हातांची, ऐसपैस, भक्कम लाकडी सांगाड्याची. आज मला पाहिलंत तर तुम्ही जुनी म्हणणार नाही, कारण अंगावर निळंशार, कोरं कापड आहे. पण मित्रांनो, वरच्या कपड्यावर जाऊ नका. हे कापड मला मिळालं त्या दिवसाइतका वाईट दिवस मी दुसरा पाहिलेला नाही.

सुताराने माझा सांगाडा जोडला, त्यात स्प्रिंगा बसल्या, वर काथ्या आणि कापूस भरून हिरवं कापड ठोकलं गेलं. बरीच वर्षं मी एका वकिलाच्या कचेरीत माणसांचं वजन पेललं. स्प्रिंगा कुरकुरू लागल्या तेव्हा वकिलाने मला सोफे-खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे पाठवलं आणि मग तो मला साफ विसरला. कारागिराने खूप वाट पाहिली आणि शेवटी मला दुकानामागच्या आपल्या घरात नेऊन ठेवलं. गावभरच्या खुर्च्यांना तो नवी कापडं चढवायचा, माझं मात्र तसंच विटत राहिलं. दिव्याखाली अंधार! बायकोने टोकलं की "उद्या बघतो" म्हणायचा.

एके दिवशी त्याची पहिलीतली मुलगी चिखलाने माखलेलं एक पिल्लू छातीशी धरून शाळेतून आली. दप्तर शाळेतच राहिलं होतं. आईने आधी बोलून घेतलं, मग दूध कोमट केलं. पिल्लाचे केस चारी दिशांना उभे, म्हणून त्याचं नाव पडलं गबाळ्या.

मला कुत्रं मुळीच नको होतं. वकिलाच्या कचेरीत बसलेली मी! आणि या पठ्ठ्याने थेट माझाच ताबा घेतला. नखांनी माझ्या उजव्या हाताला भोक पाडलं, काथ्या उपसला आणि झोपताना तिथे नाक खुपसायची सवय लावून घेतली. सुरुवातीला मी त्याला पाण्यात पाहत असे. पण रोज तोच श्वास त्याच जागी ऊब देऊ लागला, की खुर्ची झाली म्हणून काय झालं, जीव जडतोच. मुलगी माझ्या पायाशी बसून अभ्यास करायची आणि हा वरून तिच्या वहीवर लाळ गाळायचा.

मुलगी दहावीत पोचली तोवर तो म्हातारा झाला. मागचे पाय लटपटू लागले तेव्हा कारागिराने फोमच्या तुकड्यांची पायरी शिवून माझ्यापुढे ठेवली. मग तीही चढवेना. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. एका दुपारी, मुलगी त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसली असताना, माझ्या भोकावर येणारा श्वास थांबला. तिच्या आधी ते मला कळलं. मला बोलता येत नाही हे तेव्हा बरंच झालं.

त्यानंतर मुलगी माझ्यावर बसेना. शाळेतून आली की गुडघे टेकायची, भोकात तोंड खुपसायची आणि रडायची. त्या काथ्यात त्याचे केस होते, त्याचा वास होता. रडून झालं की उठायची, तोंड धुवायची आणि जेवायला बसायची. कारागिराने दाराआडून तिचं रडणं पाहिलं. तिचं उठणं पाहायला तो कधी थांबला नाही.

त्याचं काळीज तुटत होतं. पण त्याला आयुष्यात एकच औषध ठाऊक होतं: फाटलं की उतरवायचं आणि नवं चढवायचं. मुलगी शाळेत गेल्यावर त्याने मला दुकानात नेलं.

"तिला विचारलंत का?" बायको दारातूनच म्हणाली.

"विचारलं तर नको म्हणेल," तो माझ्या कापडाच्या चुका, ते बारीक खिळे, उपसत म्हणाला. "रोज रडतेय पोर. डोळ्यांसमोरून गेलं की विसरेल हळूहळू."

त्याने जपून ठेवलेलं सगळ्यांत भारी कापड काढलं. काथ्या, कापूस सगळं उपसलं, सांगाडा रॉकेलने पुसला, नवा फोम भरला. इतक्या मायेने त्याने कुठल्याच गिऱ्हाइकाचं काम केलं नसेल. आणि उतरवलेला माल त्याच दिवशी बाहेर टाकायचा, हा त्याच्या दुकानाचा नियम. जुन्या कापसातली कसर, कापड खाणारी ती कीड, नव्या मालाला लागते. दुपारी कचऱ्याची गाडी आली आणि सगळं घेऊन गेली.

मुलगी आली. सवयीने तिने गुडघे टेकले, माझ्या हातावर तोंड टेकवलं. कोऱ्या कापडाला डिंकाचा वास येत होता.

"बाबा, जुनं कापड कुठंय?"

गाडीत टाकलं, असं त्याने सांगितलं. तिने आकांत केला नाही. एवढंच म्हणाली, "तो तेवढाच उरला होता."

कारागीर तसाच अनवाणी कचरा डेपोकडे धावला. परतला तेव्हा कोपरापर्यंत घाण होती आणि हात रिकामे होते. दुसऱ्या दिवशी तो हातोडी घेऊन माझ्याशेजारी उभा राहिला आणि त्याने मुलीला विचारलं, हे कापड काढून टाकू का?

"काढून काय मिळणार आहे, बाबा?" ती म्हणाली. त्याने हातोडी परत पेटीत ठेवली.

मित्रांनो, माझी जोडणी पक्की आहे, मी अजून खूप वर्षं टिकेन. येणारा-जाणारा माझं कौतुक करतो. घरातलं मात्र कोणी माझ्यावर बसत नाही. तुमच्या घरी कोणी गेलेल्याच्या आठवणीने रडत असेल, तर त्याच्या शेजारी बसा, हवं तर तुम्हीही रडा. पण त्याची रडायची जागा त्याला न विचारता साफ करू नका. आमची मुलगी आता शाळेतून आली की थेट आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. तिथे ती रडते की नाही, हे तिच्या बाबांना कळत नाही, आणि मलाही नाही.