आख्खा एक सिनेमा

गोरक्षची मूठ सैल झाली आणि तिच्यातला लोखंडी नट खाली पडला. थेटरातल्या पायऱ्यांना पत्र्याच्या कडा होत्या. एकेक पायरी वाजवत नट थेट पुढच्या रांगेपर्यंत गेला. पडद्यावर त्या वेळी कोणीच काही बोलत नव्हतं, त्यामुळे तो आवाज सगळ्यांनी ऐकला. गोरक्ष दचकून सरळ बसला आणि शेजारच्या अर्जुनरावांकडे झुकला.

"मेला का तो म्हातारा?"

"तो मघाशीच गेला," अर्जुनराव कुजबुजले. "हा त्याचा भाऊ आहे."

नट मुठीत धरून बसायची युक्ती कंपनीतली. थर्ड शिफ्टला पहाटे चहाच्या सुट्टीत बाकावर टेकताना मुठीत नट धरायचा. डुलकी लागली की मूठ सुटते, नट फरशीवर खणकन वाजतो आणि माणूस पुढच्या कामाला उठतो. शिफ्टमधल्या मुबीनने ती त्याला शिकवली होती आणि चाकणच्या त्या कारखान्यात ती कधी फसली नव्हती. थेटरात मात्र मऊ खुर्ची, उबदार अंधार आणि परक्या भाषेतलं हळूहळू चाललेलं बोलणं, यांच्यापुढे नटाचं काही चालेना. आवाजाने जागा झालेला गोरक्ष पाचेक मिनिटांत पुन्हा आडवा. समोरच्या रांगेतल्या बाईंनी नट उचलून मागे पाठवला आणि तो हातोहात फिरत येऊन त्याच्या मांडीवर पडला, तेही त्याला कळलं नाही.

पुण्याचा चित्रपट महोत्सव दर जानेवारीत येतो आणि दर जानेवारीत गोरक्षच्या रजा संपलेल्या असतात. गावची जत्रा, भावकीतली लग्नं, कोणाचं दहावं, यांत त्या गेलेल्या. म्हणून तो त्या आठवड्यात थर्ड शिफ्ट मागून घेई. ती कोणाला नकोच असते, त्यामुळे मागताक्षणी मिळे. सकाळी कंपनी सुटली की गडी मोटरसायकलला किक मारून मोशी, भोसरी करत थेट पुण्यात. रांगेत पहिल्या दहांत नंबर. जगातल्या कुठल्या देशात सध्या चांगले सिनेमे निघताहेत हे तो चहा पिता पिता अर्जुनरावांना सांगे, आणि चिंचवडच्या बँकेतून निवृत्त झालेले अर्जुनराव ते मन लावून ऐकत. आवड खरी होती, तिच्यात खोट नव्हती. फक्त दिवे मालवले, नावांच्या पाट्या संपून अर्धा तास झाला की याचे डोळे मिटत. रांगेतल्या मंडळींनी त्याचं नाव केव्हाच घोरक्ष ठेवलं होतं.

घरी, चाकणजवळच्या महाळुंग्यात, हे कोणाला ठाऊक नव्हतं. घरी तो रोज संध्याकाळी जेवताना त्या दिवशीचा सिनेमा सांगे. ऐकायला बायको तनुजा, आई गवराबाई आणि त्यांच्या खोल्यांमध्ये भाड्याने राहणारी दोन-चार पोरं. पहिला अर्धा तास पडद्यावरचा असे आणि उरलेला गोरक्षच्या डोक्यातला. तो भाग तो इतका रंगवून सांगे की गवराबाईंची भाकरी ताटात थंड व्हायची. कित्येक वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग गेल्या वर्षी हिंजवडीत नोकरीला असलेल्या जयदीप नावाच्या भाडेकरूने घोळ केला. गोरक्षने सांगितलेला सिनेमा त्याने पुढे मोबाइलवर पाहिला आणि भर जेवणात, अगदी निरागसपणे म्हणाला, की काका, त्यात ती मुलगी बुडत नाही हो, ती तर शेवटी बेकरी उघडते.

सगळी ओसरी हसली. गोरक्षही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. तनुजा तेवढी हसली नाही. महोत्सवाच्या आठवड्यात पाण्याची मोटर, भाडेकरूंच्या तक्रारी, सासूची औषधं, सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात पडे आणि ती ते कुरकुर न करता करी. नवरा काहीतरी मोठं बघायला गेलाय, असं तिला वाटायचं. तो तिथे जाऊन झोपतो, हे तिच्या मनाला लागलं.

या वर्षी पास काढायची वेळ आली तेव्हा तिने अट घातली.

"एक सिनेमा आख्खा बघून दाखवा. जागेपणी. न्हाईतर पुढच्या सालापासून पास बंद, झोपायला घरी खाट हाय."

गवराबाईंनी मान डोलावली म्हणजे घरात कायदा झाला. गोरक्षनेही छातीवर हात ठेवून कबूल केलं. आता महोत्सव संपत आला होता आणि नट धरूनसुद्धा त्याच्या खाती एकही सिनेमा जमा झाला नव्हता. उरला होता शेवटचा दिवस, गुरुवार. गुरुवारी चाकणच्या कंपन्यांना आठवड्याची सुट्टी, त्यामुळे रात्रीच्या कामाची चिंता नव्हती. आणि त्या दिवशी साक्षीदार म्हणून खुद्द तनुजा येणार होती.

तिने त्यासाठी पहाटे उठून दोन वेळचा स्वयंपाक केला, टाकी भरली, सासूचं पाणी तापवलं. गोरक्ष शिफ्टवरून आला तेव्हा ती ठेवणीतली साडी नेसून तयार होती. मोशीच्या गर्दीत अडकून, धूर खात दोघं पुण्यात पोचली. रांगेत अर्जुनरावांनी जागा धरून ठेवली होती. वहिनी स्वतः आल्या म्हटल्यावर मंडळींना चेव आला. गोरक्षराव आज जागणार की नाही यावर बाजूच्या टपरीच्या चहाची पैज लागली आणि बहुतेकांनी झोपेच्या बाजूने कौल दिला.

"तुम्ही काय म्हणता, वहिनी?" अर्जुनरावांनी विचारलं.

"मी काय म्हणनार? मी बघायला आलीय," तनुजा म्हणाली.

सिनेमा कुठल्याशा डोंगराळ मुलखातला होता, लांबलचक आणि मध्यंतर नसलेला. एक नवरा-बायको आपली याक विकायला खिंडीपलीकडच्या बाजाराला निघतात. याक म्हणजे केसाळ म्हैसच म्हणायची. चालतात, थांबतात, चहा करतात, पुन्हा चालतात. गोरक्षने मनात म्हटलं, संपलं. याच्यापुढे आपला टिकाव नाही. त्याने मूठ घट्ट आवळली, पाय थंड फरशीवर टेकवले, जीभ दाताखाली धरली. डोळ्यांवर झापड यायला लागलीच होती, तेवढ्यात त्याच्या खांद्यावर काहीतरी जड येऊन पडलं.

तनुजाचं डोकं होतं. ती गाढ झोपली होती.

त्याला आधी हसू आलं. साक्षीदारच निजला. तिला हलवावं म्हणून त्याने हात उचलला आणि तसाच खाली घेतला. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा दिसत होता, तोंड किंचित उघडं, कपाळावरची टिकली सरकलेली. ही बाई कधी दिवसाउजेडी निजलेली त्याने पाहिली नव्हती. किती दमली असेल, हे त्याला तेव्हा प्रथमच नीट कळलं. तो खांदा न हलवता बसून राहिला. हळूहळू दंडात मुंग्या आल्या, मग मानेत कळ भरली. अशा अवस्थेत झोप येणं कठीणच.

आणि मग तो सिनेमा बघायला लागला.

पडद्यावरची बाई बाजाराच्या अलीकडच्या ओढ्यावर याकचे खूर धूत होती. एकेक खूर, सावकाश, काहीच न बोलता. गोरक्षला स्वतःचा गोठा आठवला. जमीन कंपनीत गेली, वैरणीला रान उरलं नाही, त्या वर्षी गवराबाईंनी त्यांची म्हैस विकली होती. टेम्पो दारात उभा असताना आईने असेच तिचे पाय धुतले होते, कपाळाला कुंकू लावलं होतं. टेम्पो गेल्यावरही ती बराच वेळ गोठ्याचं शेण काढत राहिली, होतं नव्हतं तेवढं. या कुठल्या कुठल्या लोकांना हे कसं कळलं, असं त्याला वाटलं. त्याने डोळे पुसले ते झोप घालवायला नव्हे.

बाजारात याक विकली गेली. नवरा-बायको परत निघाली. बाई वाटेत मध्येच थांबे, मागे वळून बघे, वाट रिकामी असे. मग पुन्हा चालू लागे, ते त्या जनावराच्याच संथ चालीने, जसं काही ते अजून बरोबर आहे. शेवटी बर्फात दोघं ठिपक्याएवढी झाली आणि पडदा काळा झाला.

गोरक्षने श्वास सोडला. बघितला. आख्खा बघितला, पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत, एकही पापणी न लवू देता. इतकी वर्षं तो ज्याच्या दारापर्यंत येऊन परत फिरत होता, त्या घरात आज आत जाऊन बसून आला होता. त्याला इतका आनंद झाला की उठून ओरडावंसं वाटलं. टाळ्या सुरू झाल्या तशी तनुजा दचकून सरळ झाली, पदर सारखा केला आणि तीही टाळ्या वाजवू लागली. मग दिवे लागले.

"अहो, हे जागे आहेत," अर्जुनरावांनी उभं राहून सगळ्या रांगेला सांगितलं. "मी अधूनमधून बघत होतो. डोळे टक्क उघडे."

मग काय विचारता. ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसांनी त्याचा हात हातात घेतला, पाठीवर थापा मारल्या. बाहेर टपरीवर हरलेल्या मंडळींनी चहा पाजला, आणि एका कॉलेजच्या पोरीने त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. गोरक्षचा दंड अजून बधिर होता, त्याने डाव्या हाताने कप धरला. तनुजा एका बाजूला उभी राहून कौतुकाने बघत होती. सिनेमा कसा वाटला असं कोणी विचारलं तर छान होता, म्हणत होती. घरी येताना गाडीवर ती फारसं बोलली नाही. तिला चिडवायचं त्याच्या जिभेवर आलं होतं, पण भोसरी गेली, मोशी गेली, आणि ते जिभेवरच राहिलं.

संध्याकाळी ओसरीवर पंगत बसली. गवराबाईंनी कायदा काढलाच.

"आज ह्यानं सांगायचं न्हाई. साक्षीदार सांगंल."

तनुजाने वाढता वाढता सांगायला सुरुवात केली. घर, डोंगर, याक, नवरा-बायकोचं निघणं, वाटेतला चहा. तिने सगळं बरोबर सांगितलं, आणि मग ती जरा थांबली. गवराबाईंनी घास तसाच हातात धरला होता.

"मंग? इकली का तिला?"

"इकली," तनुजा म्हणाली. तिने गोरक्षकडे बघितलं नाही. "पैसं घेऊन आली दोघं माघारी. लई चालली. घरी येऊन बघत्यात तर ती दारात उभी."

"कोण?"

"याक. दावं तोडून आलेली. त्यांच्या आधी."

गवराबाईंनी घास ताटात ठेवला आणि पदराने तोंड पुसलं. बराच वेळ त्यांचं लक्ष अंगणापलीकडे, जिथे आता भाड्याच्या खोल्या होत्या, तिकडे लागलं होतं. जयदीप गोरक्षकडे बघत होता. गवराबाईही मग त्याच्याकडे वळल्या.

"व्हय रं? असंच हाय?"

आयुष्यात पहिल्यांदा एका सिनेमाचा शेवट गोरक्षला पक्का ठाऊक होता. त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

"असंच हाय," तो म्हणाला. "दावं गळ्यात लोंबत होतं."

तनुजाचा कालवणाचा हात थबकला. तिने आता त्याच्याकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं, आणि न विचारता त्याच्या ताटात आणखी वाढलं.

"पुढच्या साली," ती म्हणाली, "पास दोन काढा."